काटा खरा असण्याचे सहा दिवस

महागावच्या बाजारात तीस वर्षं काटे दुरुस्त करूनही मारोती पांचाळच्या हातून एक काटा कधी खोटा झाला नाही. हे तो स्वतः तर सांगायचाच, पण दुसऱ्याबद्दल बरं बोलताना ज्यांची जीभ जड होते अशी माणसंही एवढं कबूल करायची. काटा खोटा करणं हे ज्याचं त्याचं काम. खरा करणं हे मारोतीचं. आणि खऱ्या काट्याची गरज बाजाराला वर्षातून एकदाच पडायची, मुद्रांकनाच्या आधी.

वजनमापांचे साहेब तालुक्याला येणार अशी कुणकुण लागली की मारोतीचा फोन थांबायचा नाही.

"मारोतीभाऊ, परवा साहेब येऊन राह्यले. काटा तेवढा सुधा करून द्या."

मारोती आपली पेटी घेऊन जायचा. पारडी घासायचा, दांडीचा पासंग, म्हणजे एका बाजूचा झुकाव, काढायचा, बॅटरीचा काटा असला तर उघडून शून्यावर आणायचा. साहेब यायचे, आपली पितळी वजनं ठेवून बघायचे, शिक्का मारायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पुढचे अकरा महिने तो काटा लोकांच्या सोयाबीनशी कसा वागतो हे मारोतीने कधी वळून पाहिलं नाही. "मी खरा करून देल्ला. मंग त्यायनं काय केलं ते त्यायले माईत," असं म्हणून तो हात झटकायचा. यात कुणी त्याची बाजू घेऊ नये. शिक्क्यापुरता खरेपणा तो बाजारात शिकला, आणि तोच पुढे त्याच्या घरात शिरला.

मारोतीला एकच बहीण, गोकर्णा. त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. लहानपणी दोघांचा घसा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे, आणि बाप म्हणायचा, वाढीचं वय आहे, हाडं दुखणारच. त्या दुखण्याने आतून दोघांच्या काळजाच्या झडपा खाल्ल्या, हे कळायला तीस वर्षं गेली. चाळिशीत मारोतीला चार पावलं टाकली की धाप लागायला लागली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात छाती उघडून धातूची झडप बसवली. दुसऱ्या वर्षी गोकर्णाला बसवली, त्याच वॉर्डात, तशीच.

दोन्ही ऑपरेशनं सरकारी योजनेत झाली. योजना ऑपरेशनपाशी संपते. धातूच्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून ते पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची असते, आणि रक्त किती पातळ झालं याचा आकडा महिन्याच्या महिन्याला तपासायचा असतो, हे सुट्टी देताना उभ्या उभ्या सांगतात. गोळी कमी पडली तर रक्ताची गाठ मेंदूत जाते. जास्त झाली तर रक्त थांबत नाही. मारोतीला हे पहिल्या झटक्यात समजलं, कारण ते त्याच्याच धंद्यातलं होतं. "दोन्हीकून मरन हाये," तो विमलला, आपल्या बायकोला, समजावून सांगायचा. "काटा मधात ठेवाचा, बस."

गोकर्णा दिली होती झरी जामणी तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. तिथून नागपूर जेवढं लांब, तेवढंच यवतमाळही लांब वाटायचं, कारण एसटी सकाळी एकच. नवरा वाईट नव्हता, पण त्याचं म्हणणं एकच होतं. "झडप बसली ना? मोटरीले नवा पार्ट टाकला का मंग रोज दवाई पाजतेत काय तिले?"

अभ्यास सुरू झाला तो यानंतर चार वर्षांनी. झडप बदललेली माणसं घरी गेल्यावर कशी जगतात, त्यांचा आकडा मधे राहतो की नाही, किती जणांना गाठ होते, किती जणांना रक्तस्राव होतो, हे नागपूरच्या डॉक्टरांना तीन वर्षं मोजायचं होतं. त्यासाठी दोनशे माणसं निवडली. त्यांत मारोती सत्तेचाळीस नंबरचा. दर महिन्याला सलोनी नावाची यवतमाळची मुलगी घरी यायची, बोटाला टोचून लहानशा यंत्रावर आकडा बघायची, रिकामी पाकिटं मोजून घ्यायची आणि महिनाभराच्या गोळ्या फुकट देऊन जायची. आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. रोज एका गोळीवर मारोतीचा आकडा पावणेतीन, तीन असा नीट यायचा. पोरगी गुणी होती. त्याला काका म्हणायची, विमलच्या हातचा चहा घेतल्याशिवाय उठायची नाही.

पहिल्याच वर्षी भाऊबीजेला गोकर्णा आली ती पाय सुजलेले घेऊन. ओवाळून झाल्यावर मारोतीने विचारलं, "गोळी चालू हाये ना बाई?"

"चार महिने झाले दादा, नाई."

"काहून?"

"मेडिकलवाला म्हने नवी चिठ्ठी आना, तिच्याबिगर रक्ताची गोळी देता येत नाई. चिठ्ठी देनार नागपूरचे. मले नागपूरले कोन नेते?"

मारोतीने तिला दुसऱ्याच दिवशी यवतमाळला नेलं. तिथे आकडा तपासायचं सामान संपलेलं होतं, आठ दिवसांनी या म्हणाले. आकड्याशिवाय चिठ्ठी नाही. आठ दिवसांनी गोकर्णाच्या शेतात कापूस फुटला होता आणि नवऱ्याने तिला सोडली नाही. मग मारोतीने सलोनीला गळ घातली. "बाई, माह्या बहिनीलेबी घ्या ना तुमच्या अभ्यासात. तिचीबी तेच झडप, तोच वॉर्ड."

सलोनीने मनापासून नागपूरला विचारलं. उत्तर दोन दिवसांत आलं. गावाला फोनची रेंज नाही, रस्ता लांबचा, पाठपुरावा होऊ शकत नाही, सबब घेता येत नाही. आता याला काय म्हणावं! ज्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही म्हणून जी माणसं मरतात, ती आधी बाजूला काढून ठेवायची आणि उरलेली किती छान जगतात ते मोजायचं. मारोतीला यातलं काही सुचलं नाही. त्याला एवढंच सुचलं की बहीण ओवाळायला आली होती आणि तिच्या ताटात टाकायला आपल्याकडे गोळ्यांचं पाकीट आहे.

त्याने सोनाराचा काटा काढला. ब्लेडने गोळ्या कापून, तुकडे तोलून, दोन सारख्या वाटण्या केल्या. अर्धी त्याची, अर्धी तिची. एक रोग, एक झडप, एक डॉक्टर, म्हणजे औषधही एकच, असा त्याचा हिशेब. अर्ध्या भाकरीवर दोघांनी दिवस काढले होते, अर्ध्या गोळीवर का नाही निघणार? गोळी भाकरीसारखी वागत नाही, हे त्याला सांगायला तिथे कुणी नव्हतं. दर महिन्याला तो काटे दुरुस्तीच्या निमित्ताने पांढरकवड्याच्या बाजाराला जायचा, गोकर्णा तिथे यायची, आणि वजनांच्या लाकडी पेटीतल्या खाचेत ठेवलेली पुडी तो तिला द्यायचा.

पुढच्या महिन्यात सलोनीच्या यंत्रावर आकडा आला एक पूर्णांक सात.

"काका! गोळी चुकवली?"

"नाई ना बाई. हे पाहा पाकिटं." पाकिटं खरंच रिकामी होती.

"मग पालेभाजी जास्त खाल्ली का? अंबाडी? चवळी?"

"खाल्ली असन एखाद रोज."

सलोनीने नागपूरला कळवलं. त्यांनी गोळी वाढवली, एकाची दीड केली. जाताना ती हसत म्हणाली, "पुढच्या वेळी आकडा असाच आला तर मला बोलणी बसतील, काका."

"अन् माहं नाव कापतीन का?"

"कापतील पण!" ती गमतीने म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

गंमत तिच्यापुरती होती. नाव कापलं म्हणजे गोळ्या बंद, आणि गोळ्या बंद म्हणजे एकाच्या नव्हे, दोघांच्या. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याचा फोन आला, परवा साहेब येणार आहेत, काटा सुधा करा. फोन ठेवला तेव्हा मारोतीला मार्ग दिसला होता.

सलोनी महिन्यातून एकदा येते. तिची तारीख ठरलेली. मग तारखेच्या आधी सहा दिवस पूर्ण दीड गोळी खायची, पालेभाजीला शिवायचं नाही. एरवी मात्र पाऊण गोळी आपली, पाऊण गोकर्णाची. पण सहा दिवस पूर्ण गोळी खायची तर ती कुठून तरी यायला हवी. ती गोकर्णाच्या वाट्यातून आली. पांढरकवड्याच्या बाजारात, काटे मांडलेल्या पथारीवर बसून त्याने बहिणीला समजावलं, "महिन्यातून सहा रोज तू खाऊ नको. वीस तारखीपासून पंचीसपावतर. सव्वीसले सलोनीबाई येते. मंग चालू."

"जशी एकादस," गोकर्णा म्हणाली, आणि तिने बोटांवर तारखा मोजून दाखवल्या. तिचा दादावर इतका विश्वास होता की त्याने वीस दिवस नको म्हटलं असतं तरी तिने मान डोलावली असती.

युक्ती लागू पडली. सव्वीस तारखेला आकडा आला दोन पूर्णांक सात. सलोनीचा जीव भांड्यात पडला. नागपूरने शेरा मारला की दीड गोळीवर रुग्ण स्थिर. त्यानंतर आकडा एकदाही बाहेर गेला नाही. जावा कसा? तीस वर्षांचा हात होता तो.

तिसऱ्या वर्षी, अभ्यास संपत आला तेव्हा, यवतमाळला एका सभागृहात कार्यक्रम झाला. नागपूरहून मोठे डॉक्टर आले. मारोतीला आदर्श रुग्ण म्हणून शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. डॉक्टर बोलले चांगलं. "लोक म्हणतात खेड्यातला माणूस औषध नीट घेत नाही. यांना बघा. जवळजवळ अडीच वर्षं सलग आकडा मर्यादेत. असे रुग्ण असले की आमचे निष्कर्ष बोलतात." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसून गोकर्णानेही वाजवल्या. मारोती तिला हट्टाने घेऊन आला होता. त्या दिवशी तारीख होती चोवीस.

फोटोसाठी मारोतीने तिला पुढे ओढलं. "साहेब, हे माही बहीन. हिलेबी झडप हाये, तुमच्याच हातची."

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "मग दादांसारखी नियमित घ्यायची हं गोळी."

"घेतो ना साहेब. दादाच देते," गोकर्णा म्हणाली.

डॉक्टर हसले. सलोनी हसली. फोटोवाल्याने सगळ्यांना थोडं जवळ यायला सांगितलं. बाईने भर सभेत, इतक्या शिकलेल्या माणसांपुढे, सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि ऐकलं कुणीच नाही. ऐकून घ्यायला ती त्यांच्या दोनशेंत नव्हती ना.

त्यानंतर दोनच महिन्यांनी सव्वीस तारखेला सलोनी शेवटची तपासणी करून गेली. आकडा दोन पूर्णांक आठ. "काका, संपला आपला अभ्यास. गोळ्या अजून तीन महिने मिळतील," ती म्हणाली. तिची स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि गोकर्णाच्या नवऱ्याचा फोन आला, पांढरकवड्याच्या दवाखान्यातून. काल संध्याकाळी गोकर्णा चुलीपुढे कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. गावातून फोन लागला नाही, गाडी मिळायला रात्र गेली. आज सकाळी आठला संपली.

मारोती साडी घेऊन गेला. माहेरची शेवटची साडी भावाने न्यायची असते, ती त्याने हिरवी घेतली, गोकर्णा अजून सवाष्ण होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, मेंदूत गाठ गेली आहे, रक्ताची गोळी चालू होती का? नवरा म्हणाला, "होती ना साहेब. हिचा भाऊ आनून द्याचा. कधी चुकली नाई." आणि त्याने मारोतीकडे बघून हात जोडले. मारोतीने मनात तारीख मोजली. काल पंचवीस होती. वीस ते पंचवीस. त्याच्या आकड्यासाठी तिने पाळलेल्या सहा दिवसांतला शेवटचा दिवस. असे सहा दिवस ती दर महिन्याला पाळत आली होती, आणि ते तिला त्याने, तिच्या सख्ख्या भावाने, बाजारात बसून हसत हसत लावून दिले होते. तिच्या अंगावर त्याने साडी घातली ती उलटी पडली, आणि शेजारच्या बाईला पदर सारखा करावा लागला.

घरी आल्यावर त्याने सोनाराचा काटा उचलून माळ्यावर टाकला. गोळ्या कापायचं आता काही कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो कागदावर लिहिलं तसं वागू लागला. रोज दीड गोळी, ठरल्या वेळी, न चुकता. आयुष्यात एकदा तरी खरं वागावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तेराव्याला तो तिच्या गावी जाऊन आला, जेवला नाही, पण गोळी खाल्ली.

सोळाव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. मग नाकातून आलं, ते थांबेना. दंडावर काळेनिळे डाग उमटले. विमलने लुगड्याचं बोचकं करून नाकाला लावलं आणि शेजारच्याच्या गाडीत घालून त्याला यवतमाळला आणलं. तिथे रक्त थांबवायची सुई दिली, सलाइन लावलं. दुपारी सलोनी धावत आली. तिने आपल्या यंत्रावर बोट टोचलं आणि आकडा बघून तिचा चेहरा उतरला. सातच्या पुढे.

"काका, जास्तीच्या गोळ्या खाल्ल्या का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"नाई बाई. तू लिवल्या तेवढ्याच खाल्ल्या." मारोतीने नाकावरचं बोचकं बाजूला केलं. "पयल्यांदा खाल्ल्या."

आणि त्याने सगळं सांगितलं. भाऊबीज, ब्लेड, सोनाराचा काटा, पांढरकवड्याची पथारी, वीस ते पंचवीस. विमल पायथ्याशी बसून ऐकत होती. तिलाही ते आजच कळत होतं. सांगून झाल्यावर मारोती म्हणाला, "आता हे तुमच्या डॉक्टरले कळवा. म्हना, सत्तेचाळीस नंबर खोटा हाये."

सलोनी फोन घेऊन बाहेर गेली. बऱ्याच वेळाने परत आली.

"काका, ते म्हणाले, अभ्यासाचे आकडे बंद झालेत. आता त्यात हात घालता येत नाही. आणि दोनशेतला एक जण चुकला तर निकाल बदलत नाही."

"एकच चुकला हे कायवरून?" मारोतीने विचारलं. "बाकीच्यायलेबी बहिनी असतीन."

सलोनीने पिशवीतून एक फॉर्म काढला. आजच्या रक्तस्रावाची नोंद करणं भाग होतं. कारणांच्या यादीत तिने बराच वेळ पेन फिरवलं आणि शेवटी खूण केली त्या ओळीवर: रुग्णाने डोसच्या सूचना पाळल्या नाहीत. मारोतीने ती वाचली. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"अन् गोकर्णाचं कुठी लिवता?"

"त्या अभ्यासात नव्हत्या, काका." सलोनी रडकुंडीला आली होती. "त्यांचा रकानाच नाही."

विमल उठून खिडकीपाशी गेली. मग सलोनीने, तिचं वयच लहान, जे बोलायला नको होतं ते बोलून टाकलं. "काका, तुम्ही आकडा खोटा का आणला हो? तो कमी आला असता तर येऊ द्यायचा होता. कमी आला की आम्ही गोळी वाढवतो. एकाची दीड केलीच होती की नाही? परत कमी आला असता तर दोन केल्या असत्या. नाव कुणी कापत नाही. मी थट्टा केली होती."

मारोतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दोन केल्या असत्या?"

"हो."

"रोज दोन?"

"हो, काका."

तो काही वेळ ओठ हलवत राहिला, पारड्यात काही ठेवताना हलवायचा तसे. त्याला लागायची एक. ते त्याचं खरं माप होतं, अगदी सुरुवातीला सलोनीच्याच यंत्रावर ठरलेलं.

"म्हंजे एक माही," तो म्हणाला, "अन् एक तिची."

सलोनीने फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.